अर्थसाहाय्य वेळेवर पोचावे म्हणून

(घोडबंदर येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि लोकप्रतिनिधी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शासनाच्या कल्याणकारी योजनांविषयी बोलताना आपण बहुधा दोन आकडे सांगतो. लाभार्थी किती, हा पहिला आकडा. आणि रक्कम किती, हा दुसरा. आपले अहवाल याच दोन आकड्यांवर उभे असतात आणि वृत्तपत्रांतील मथळेही याच आकड्यांचे असतात. ज्या घरासाठी ती रक्कम असते, त्या घरातून मात्र तिसराच प्रश्न विचारला जातो. तो प्रश्न आपण सर्वांनी तहसील कार्यालयाच्या ओसरीवर, शाळेच्या फाटकाशी, बँकेच्या रांगेत असंख्य वेळा ऐकला आहे. "पैसे कधी येणार?" एवढाच तो प्रश्न असतो. आज मला याच प्रश्नाचा विचार आपल्यासमोर मांडावयाचा आहे.

आपण जेथे जमलो आहोत ते गाव या विचाराला मोठे साजेसे आहे. उल्हास नदी वसईच्या खाडीला मिळते त्या पाण्याच्या काठी हे जुने बंदर वसले. पोर्तुगिजांनी येथे किल्ला बांधला आणि १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला. बंदरात वावरलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. खाडीच्या तोंडाशी शीड दिसले म्हणजे माल धक्क्यावर उतरला असे होत नाही. मधे भरती-ओहोटी असते, गाळ असतो, धक्क्यावरील हमाल असतात. शासनाच्या तिजोरीतून निघालेल्या पैशाचेही असेच आहे. निर्णय झाला म्हणजे शीड दिसले. पैसा हातात पडला म्हणजे माल उतरला. या दोहोंमधील अंतर हेच गरिबाच्या दृष्टीने योजनेचे खरे मोजमाप होय.

तारीख का महत्त्वाची

महागाईची झळ सर्वांनाच लागते. परंतु ती सोसण्याचे सामर्थ्य सर्वांचे सारखे नसते. आपणांपैकी बरेचजण वेतनधारी आहेत. केंद्र शासनाचा महागाई भत्ता १ जानेवारी आणि १ जुलै या तारखांपासून सुधारला जातो. त्याची घोषणा पुष्कळदा काही आठवडे उशिराने होते आणि मधल्या काळाची थकबाकी नंतर मिळते. हा विलंब आपल्याला फारसा जाचत नाही, कारण मूळ वेतन ठरल्या दिवशी खात्यावर जमा होतच असते. थकबाकी आली की आपण ती शिलकीत टाकतो किंवा अडलेली एखादी खरेदी करतो.

निराधार वृद्धेची गोष्ट निराळी आहे. तिच्यासाठी अनुदान हे वेतनावरील भत्ता नसून तेच तिचे वेतन असते. उदाहरणादाखल एक घर डोळ्यांसमोर आणू. वृद्ध विधवा, सोबत शाळेत जाणारा नातू, महिन्याचे अनुदान १,५०० रुपये. शिधापत्रिकेवरील धान्य मिळते. परंतु तेल, मीठ, डाळ, गॅस, विजेचे देयक आणि रक्तदाबाची गोळी यांना रोख पैसा लागतो. दोन महिने अनुदान आले नाही, तर ती काय करील? प्रथम वाण्याकडे उधारी करील. वाण्याने हात आखडता घेतला की कोणाकडून तरी व्याजाने पैसे घेईल. दरमहा शेकडा पाच या दराने १,५०० रुपये दोन महिन्यांसाठी घेतले, तर व्याजाचेच १५० रुपये होतात. म्हणजे एका महिन्याच्या अनुदानाचा दहावा हिस्सा सावकाराच्या हाती गेला. शिवाय चौकशीसाठी दोन-तीन वेळा बँकेत जाण्याचे रिक्षाभाडे वेगळेच. पुढे तिसऱ्या महिन्यात ३,००० रुपये थकबाकीसह एकदम आले, तरी आपला अहवाल "पूर्ण रक्कम अदा" असेच म्हणणार. हिशेब आपल्या बाजूने चुकलेला नसतो. पण तिच्या घरात तो जमलेला नसतो.

आणखी एक गोष्ट व्याजात दिसत नाही. हातात पैसा नाही म्हणून गोळी आठ दिवस बंद राहते. ते आठ दिवस थकबाकीने भरून निघत नाहीत.

वर्षातील सर्व महिनेही सारखे नसतात. या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. जूनच्या मध्याला शाळा उघडतात; वह्या, गणवेश, छत्री यांचा खर्च उभा राहतो. चेणे आणि त्याच्या आसपासच्या डोंगरपायथ्याच्या आदिवासी पाड्यांवर पावसाळ्यात बाहेरची मजुरी कमी होते आणि छपरावर मात्र प्लास्टिक घालावे लागते. आषाढात हाती पडलेले हजार रुपये आणि कार्तिकात हाती पडलेले हजार रुपये कागदावर सारखेच दिसतात. घरात ते सारखे नसतात.

वाट कोठे अडते

महाराष्ट्राला ही जाण नवीन नाही. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्याचे वैशिष्ट्य केवळ काम देण्यात नव्हते. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, असे वेळेचे बंधन त्यात होते. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने मजुरीसाठीही पंधरा दिवसांची मुदत घातली आणि नंतरच्या तरतुदीनुसार विलंब झाल्यास दररोज ०.०५ टक्के भरपाई ठरली. भरपाई अल्प होती. पण विलंबालाही मोल असते आणि ते शासनाने द्यावयाचे असते, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये सुरू झाली. वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे, आणि १९९५ पासून केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम आहे. राज्याच्या अनुदानाची रक्कम पूर्वी दरमहा ६०० रुपये होती. ती २०१९ मध्ये १,००० आणि जुलै २०२३ पासून १,५०० रुपये झाली. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २,५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. रकमेची ही वाढ स्वागतार्ह आहे. मात्र ही रक्कम महागाई भत्त्याप्रमाणे किंमत निर्देशांकाशी जोडलेली नाही. भाव वाढतात तेव्हा ती आपोआप वाढत नाही. म्हणूनच, जी रक्कम ठरली आहे ती निदान वेळेवर तरी पोचली पाहिजे. उशीर झाला की तिचे मोल आणखी घटते.

हा पैसा आजवर कोणत्या वाटेने जात आला, ते पाहू. अर्ज, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा. त्यानंतर छाननी आणि समितीची मंजुरी. ही झाली पहिली वाट. ती एकदाच चालावयाची असते. पण तिच्यावरच सर्वांत अधिक काळ जातो. समितीची बैठक लांबली की अर्ज पडून राहतात. एक दाखला अपुरा असला की अर्ज परत येतो, आणि का परत आला हे अर्जदाराला तिसऱ्या खेपेला कळते.

दुसरी वाट दरमहा चालावयाची. पूर्वी राज्याकडून अनुदान जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तहसीलला येई. तहसीलमध्ये देयक तयार होऊन ते कोषागारात जाई. नंतर रक्कम आणि नावांची यादी बँकेकडे किंवा टपाल कार्यालयाकडे जाई आणि तेथील कर्मचारी एकेका खात्यावर ती जमा करीत. या साखळीतील एक कडी अडली की पुढील सर्व थांबत. नव्या आर्थिक वर्षाच्या आरंभी अनुदानाचे वाटप व्हावयाचे असे, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत हा विलंब विशेष जाणवे. डिसेंबर २०२४ पासून या योजनांचे पैसे थेट लाभ हस्तांतरणाच्या पद्धतीने, म्हणजे आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यावर परस्पर जमा करण्यास आरंभ झाला. मधल्या कित्येक कड्या त्यामुळे गळाल्या, ही मोठीच सुधारणा होय.

परंतु वाट सरळ झाली म्हणजे अडथळे संपले असे नव्हे. ते जागा बदलतात. पूर्वी अडथळा कार्यालयाच्या टेबलावर असे, तेथे निदान माणूस भेटे. आता तो अडथळा आधार आणि खाते यांच्या जोडणीत असतो, आणि लाभार्थ्याला तो दिसतही नाही. यासंबंधी काही गोष्टी आपण सर्वांनी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट अशी, की आधारने येणारा पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यावर जाईलच असे नाही. ज्या बँकेत आधार शेवटचा जोडला गेला, त्या बँकेतील खात्यावर तो जातो. एखाद्या बाईने मधल्या काळात दुसऱ्या बँकेत खाते उघडले आणि तेथे आधार जोडून घेतला, तर पैसा तिकडे जमा होतो आणि ती जुन्याच पासबुकावर नोंद शोधत राहते. "पैसे आले नाहीत" अशी तक्रार येते तेव्हा "आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे?" हा प्रश्न प्रथम विचारावा. पुष्कळ तक्रारी तेथेच मिटतात.

दुसरी गोष्ट बँकांच्या विलीनीकरणाची. १ एप्रिल २०१९ रोजी देना आणि विजया बँका बँक ऑफ बडोदामध्ये, तर १ एप्रिल २०२० रोजी आंध्र व कॉर्पोरेशन बँका युनियन बँकेत, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत आणि अलाहाबाद बँक इंडियन बँकेत विलीन झाल्या. जुन्या पासबुकावरील शाखेचा संकेतांक त्यानंतर बदलला. घरातील जुने पासबुक पाहून अर्ज भरला, तर त्यात जुनाच संकेतांक जातो आणि खाते क्रमांकावर पाठविलेली रक्कम परत फिरते.

तिसरी गोष्ट निष्क्रिय खात्यांची. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय ठरते. मात्र शासकीय योजनांच्या लाभासाठी उघडलेली खाती वेगळी ओळखून केवळ व्यवहार नाही म्हणून ती निष्क्रिय करू नयेत, आणि निष्क्रिय खाते पुन्हा चालू करण्यास शुल्क घेऊ नये, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना १ एप्रिल २०२४ पासून लागू आहेत. या सूचना लाभार्थ्याला ठाऊक नसतात. आपल्याला त्या ठाऊक असावयास हव्यात.

चौथी गोष्ट नावाची आणि बोटांची. आधारवर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे, बँकेत तिसरेच; असे प्रकार घरोघरी आढळतात. आणि ज्या हातांनी आयुष्यभर मासळी सोलली, जाळी ओढली, वाळू उपसली, त्या हातांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. यंत्र त्यांना ओळखत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळाने किंवा चेहऱ्याने ओळख पटविण्याची सोय आहे, हे त्या माणसाला सांगणारे कोणीतरी तेथे पाहिजे.

अलीकडचे काही अनुभव

सार्वजनिक कार्यक्रमांचा वेळेच्या दृष्टीने विचार केला, तर अलीकडच्या वर्षांतील अनुभव पुष्कळ काही शिकवून जातात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. महिलांच्या जनधन खात्यांवर तीन महिने दरमहा ५०० रुपये देण्याचा निर्णय केंद्राने घेतला. खाती आधीच उघडलेली होती, म्हणून अर्ज मागवावे लागले नाहीत आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच पैसा जमा होऊ लागला. बँकांपुढे गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार दिवस ठरवून दिले होते. शेवटी ० किंवा १ असलेल्यांना ३ एप्रिल, २ किंवा ३ असलेल्यांना ४ एप्रिल, याप्रमाणे. रक्कम मोठी नव्हती. पण आपला दिवस कोणता, हे अक्षरओळख असलेल्या कोणालाही पासबुक पाहून सांगता येत होते.

पुढल्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, राज्यात पुन्हा निर्बंध लागले. नोंदणीकृत बांधकाम कामगार आणि परवानाधारक रिक्षाचालक या दोहोंसाठी प्रत्येकी १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. बांधकाम कामगारांची नावे व खाती कल्याणकारी मंडळाकडे होती, म्हणून त्यांना पैसे लवकर देता आले. रिक्षाचालकांची खाती मात्र कोणाकडे एकत्र नव्हती. त्यांच्यासाठी ऑनलाइन अर्जाची व्यवस्था उभारावी लागली आणि ती मे महिन्यात सुरू झाली. घोषणा एकाच दिवसाची, रक्कम तीच. तारखा मात्र वेगळ्या. यावरून दिसते ते हे, की संकटात पैसा कधी पोचणार हे पुष्कळसे संकटापूर्वीच्या नोंदणीवर ठरते. शांततेच्या काळात अद्ययावत ठेवलेली यादी हीच अडचणीच्या काळातील वेग होय.

वस्तुरूप साहाय्यालाही हाच नियम लागू पडतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिवाळीसाठी शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल असा "आनंदाचा शिधा" देण्याचा निर्णय झाला. निर्णय आणि सण यांमध्ये जेमतेम तीन आठवडे होते. कित्येक ठिकाणी तो वेळेवर मिळाला. काही ठिकाणी चारपैकी दोनच जिन्नस आले, तर काही ठिकाणी तो दिवाळीनंतर पोचला. रव्याचा लाडू भाऊबीजेनंतरही गोडच लागतो, हे खरे. पण ज्या हेतूने तो शिधा दिला गेला, तो हेतू एका तारखेशी बांधलेला होता.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना हे या संदर्भातील सर्वांत मोठे उदाहरण. २८ जून २०२४ रोजी घोषणा झाली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये. जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये १४ ऑगस्टपासून जमा होऊ लागले. घोषणेपासून दीड महिन्यात एवढ्या मोठ्या संख्येने खात्यांवर रक्कम जमा होणे ही प्रशासकीय दृष्ट्या असामान्य गोष्ट होती. अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक, सेतू केंद्रांवरील मुले यांनी त्यासाठी रात्री जागविल्या. पुढे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते ऑक्टोबरमध्येच एकत्र मिळाले. डिसेंबरचा हप्ता २४ तारखेच्या सुमारास सुरू झाला. फेब्रुवारी आणि मार्च २०२५ चे हप्ते मार्चमध्ये एकत्र आले.

या तारखा मी टीकेसाठी सांगत नाही. कोणत्याही महिन्याची रक्कम बुडाली नाही. माझा मुद्दा असा, की घरातल्या बाईला महिन्याची आखणी करावयाची असेल, तर हप्ता कधी आधी, कधी नंतर, कधी जोडीने येण्यापेक्षा ठरल्या दिवशी येणे अधिक उपयोगी. भिशीचा हप्ता, शिकवणीची फी, गॅसची टाकी यांना दिवस ठरलेले असतात. ठरल्या दिवशी येणाऱ्या पैशावर वाणी उधार देतो, बचतगट कर्ज देतो आणि बाई मान वर करून शब्द देते. केव्हातरी येणाऱ्या पैशावर असा शब्द देता येत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये याच योजनेसाठी ई-केवायसी करण्याची सूचना निघाली आणि तिची मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. पात्रतेची पडताळणी आवश्यकच असते. सार्वजनिक पैशाचा हिशेब ठेवावाच लागतो. परंतु प्रत्येक पडताळणीच्या वेळी पात्र असूनही केवळ मोबाइल क्रमांक बदलल्यामुळे, किंवा पती वा वडील हयात नसल्यामुळे अडून बसणारी काही माणसे असतात. त्यांना शोधणे हे यंत्राचे काम नव्हे. ते आपले काम आहे.

परदेशातील एक दाखला

२०२२ मध्ये ब्रिटनमध्ये इंधन आणि अन्न यांचे भाव झपाट्याने वाढले, तेव्हा तेथील शासनाने ८० लाखांहून अधिक अल्प उत्पन्न कुटुंबांना ६५० पौंडांचे साहाय्य दोन हप्त्यांत दिले. पहिला हप्ता ३२६ पौंडांचा, १४ ते ३१ जुलै या काळात. दुसरा ३२४ पौंडांचा, ८ ते २३ नोव्हेंबर या काळात. हे कालावधी आधीच जाहीर केलेले होते. अर्ज करावयाचा नव्हता. त्यामुळे एखाद्या कुटुंबाला ३१ जुलैपर्यंत पैसे आले नाहीत, तर त्याने १ ऑगस्टपासून चौकशी करावयाची, हे स्पष्ट होते. जाहीर तारीख ही केवळ सोय नसते. तक्रार करण्याचा हक्क कधी सुरू होतो, हेही ती सांगते.

त्या पद्धतीत उणिवाही होत्या. पहिल्या हप्त्यासाठी २६ एप्रिल ते २५ मे या काळात विशिष्ट लाभ मिळत असणे आवश्यक होते. त्या महिन्यात थोडी अधिक कमाई झाल्यामुळे ज्यांचा लाभ शून्य झाला, ते गरीब असूनही वगळले गेले, आणि त्यावर तेथे टीका झाली. तेव्हा तारखेचा नियम असावा, पण तारखेच्या अलीकडे-पलीकडे पडलेल्या माणसासाठी दारही उघडे असावे, हा बोध आपण घ्यावा. आपल्याकडे केरळमध्ये सहकारी संस्थांच्या मार्फत निवृत्तिवेतन वृद्धांच्या घरी नेऊन देण्याची पद्धत आहे. आपल्या राज्यातही टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन आधारच्या आधारे दारात पैसे देऊ शकतो. पोस्टमनने अंगठा घेऊन मनीऑर्डर दिल्याचे दिवस येथील वृद्धांच्या आठवणीत असतील. तोच मनुष्य आता लहानसे यंत्र घेऊन येऊ शकतो, एवढे त्यांना सांगितले पाहिजे.

आपण काय करू शकतो

मोठे धोरण आपल्या हाती नाही. परंतु शेवटचा कोस आपल्याच हाती आहे.

महसूल आणि नगरपालिका कर्मचाऱ्यांना माझी विनंती अशी, की अर्ज अपुरा असेल तर कोणता कागद हवा हे पहिल्याच खेपेला आणि लेखी सांगावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २८ एप्रिल २०१५ पासून अंमलात आहे. अधिसूचित सेवेच्या अर्जाला पोच मिळणे, मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करता येणे, हे नागरिकाचे हक्क आहेत. योजनेसाठी लागणारे अनेक दाखले या कायद्याच्या कक्षेत येतात. दाखला वेळेत मिळाला तर अनुदान वेळेत सुरू होते. हयातीचा वार्षिक दाखला राहून गेल्याने अनुदान थांबण्याची वेळ येऊ नये, यासाठी मुदतीपूर्वी एक महिना वस्तीवर शिबिर घ्यावे. थांबल्यावर सुरू करण्यास जे श्रम पडतात, त्याच्या चौथाई श्रमांत ते होते.

शिक्षकांना विनंती अशी, की पासबुक वाचणे हा गणिताच्या तासाचा एक धडा करावा. जमा, नावे, शिल्लक, तारीख हे सहावी-सातवीचे मूल सहज शिकेल. ज्या घरात आजीला वाचता येत नाही, तेथे नातू पासबुक वाचून दाखवील. तिला मग दुसऱ्या कोणाला पासबुक दाखवावे लागणार नाही आणि कमिशन म्हणून कोणाला शंभर रुपयेही द्यावे लागणार नाहीत. भरण्यात येणारी रक्कम विनाशुल्क आहे, जनधन खात्याला किमान शिल्लक लागत नाही, हेही मुलांना ठाऊक असावे.

पंचायत सदस्यांचे काम सर्वांत मोलाचे आहे. घोडबंदर आज ग्रामपंचायतीत नाही. मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ मध्ये झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. गावाचे शहर होते तेव्हा सोयी वाढतात. परंतु ग्रामसभेत नाव वाचले जाण्याची सोय मात्र कमी होते. उंच इमारतींच्या सावलीत जुने गावठाण आणि पाडे दिसेनासे होतात. म्हणून येथील नगरसेवकांनी आणि कार्यकर्त्यांनी ती उणीव भरून काढावी. आणि ज्या गावांत ग्रामसभा आहे तेथे सदस्यांनी तिचा पुरेपूर उपयोग करावा. ज्यांचे अनुदान मागील दोन महिन्यांत आले नाही त्यांनी हात वर करावा, एवढेच प्रत्येक सभेत विचारले, तरी पुष्कळ काही उजेडात येईल. मयत लाभार्थ्याचे नाव कमी करण्याइतकीच तत्परता पात्र माणसाचे नाव घालण्यात दाखवावी.

आणि माहिती खात्याचा एक कर्मचारी म्हणून माझ्या स्वतःच्या व्यवसायाविषयीही एक गोष्ट सांगतो. घोषणेची बातमी आम्ही मोठ्या अक्षरांत देतो. पैसा जमा झाल्याची बातमीही देतो. परंतु "या महिन्याचा हप्ता अमुक कारणाने दहा दिवस उशिरा येईल" ही बातमी द्यावयास आपण सारेच कचरतो. वास्तविक तीच बातमी गरिबाच्या अधिक उपयोगाची आहे. उशीर होणार हे आधी कळले तर ती बाई वाण्याशी बोलून घेईल, बँकेची फुकट खेप टाळील. न कळलेला उशीर तिला तीन वेळा रांगेत उभा करतो. चावडीवर, शाळेत, अंगणवाडीत, शिधावाटप दुकानात एक साधा फळा असावा. त्यावर योजनेचे नाव, कोणत्या महिन्याचा हप्ता, जमा होण्याची तारीख आणि न आल्यास कोणाला भेटावे, एवढ्या चार ओळी असाव्यात. याला वेगळे अनुदान लागत नाही, खडू लागतो.

समारोप

मित्रहो, आरंभी मी म्हणालो की आपल्या अहवालांत लाभार्थी आणि रक्कम असे दोन आकडे असतात. माझी सूचना एवढीच, की त्यात तिसरा रकाना असावा. अर्जाची तारीख, मंजुरीची तारीख आणि पहिला पैसा प्रत्यक्ष हातात पडल्याची तारीख, या तीन तारखा एका ओळीत लिहाव्यात. ज्या दिवशी प्रत्येक तहसीलदार, प्रत्येक गटविकास अधिकारी आणि प्रत्येक सरपंच या तीन तारखा शेजारी-शेजारी पाहील, त्या दिवसापासून त्यांमधले अंतर कमी होऊ लागेल. जे लिहिले जात नाही ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते सुधारत नाही.

शासनाचा पैसा हा लोकांचाच पैसा आहे. आणि लोकांना तो भिकेसारखा, केव्हातरी मिळावा असे कोणालाही वाटत नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेली रक्कम, कोणाचे आर्जव न करता हातात पडली, म्हणजे ती भीक राहत नाही. ती हक्काची होते. पैसे कधी येणार, या प्रश्नाला तारीख सांगून उत्तर देता येईल असे काम आपण सर्वांनी मिळून करावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.